मागचे चाक पुढच्या चाकोरीत

पनवेल आणि चाक यांचे नाते जुने आहे. इंग्रजी अमदानीतले गॅझेटिअर उघडून पनवेलचा मुख्य उद्योग कोणता ते पाहावे, तर गाड्यांची चाके घडवण्याचा, असे उत्तर मिळते. देशावरून घाट उतरून आलेली जवळजवळ प्रत्येक बैलगाडी परत जाताना इथल्या चाकांची एक जोडी घेऊन जाई, अशी त्यात नोंद आहे. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० साली खुला झाला. तोवर घाटातून माल जाई तो बैलांच्या पाठीवरून. रस्ता झाला, चाक घाट चढू-उतरू लागले, झिजू लागले, आणि पनवेलच्या सुतारांना बरकत आली.

त्याच रस्त्यावर, पळस्पे फाटा मागे टाकून पुण्याच्या दिशेने निघाले की कोन हे आमचे गाव लागते. तुंबा आणि आरे घडवणारा सुतार आता इथे दिसत नाही. १९८९ साली न्हावाशेवा बंदर सुरू झाले. पुढे पनवेलच्या चहूबाजूंनी गोदामे, कंटेनरचे तळ आणि ट्रेलरच्या रांगा पसरत गेल्या. त्यांच्या मागोमाग टायरवाले, पंक्चरवाले, पाटे बांधणारे, वेल्डिंगवाले आले. म्हणजे चाकावर पोट भरणारी माणसे आहेतच. लाकडाच्या जागी रबर आले एवढेच. त्यांच्या टपऱ्यांवर चहा पिता पिता ऐकलेल्या आणि नंतर पुस्तकांशी ताडून पाहिलेल्या गोष्टींतून ही पुस्तिका झाली आहे. मी स्वतः मेकॅनिक नव्हे. पाना धरता येतो, पण कोणी माझ्याकडून हब उघडून घेऊ नये.

विषय एका ओळीत सांगता येण्याजोगा आहे: लष्करी ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलवर दोन्ही अंगांना जी जोडचाके असतात, ती काढून तिथे एकेकच चाक बसवणे. एवढ्याशा गोष्टीवर पुस्तिका कशाला, असे मला घरातच विचारले गेले. ट्रक उंच आणि दांडगा दिसतो म्हणून हे काम करून घेणारे पुष्कळ भेटतात. चिखलात बरा चालतो म्हणून करून घेणारे थोडे. या बदलात आपण काय देऊन टाकतो याचा हिशेब मांडून मग पाना उचलणारा मला अजून एकच भेटला, आणि त्याने हिशेब झाल्यावर पाना खाली ठेवला.

सुरुवात मोजणीच्या घोळापासून करायला हवी, कारण पुढचे सगळे घोळ तिथूनच निघतात. हमरस्त्यावरच्या भाषेत ट्रकची ओळख टायरांवरून होते. ‘सहा टायर’ म्हटले की पुढे दोन, मागे चार, अ‍ॅक्सल दोन. ‘दहा टायर’ म्हटले की पुढे दोन, मागे दोन अ‍ॅक्सलवर चार-चार. लष्कराची भाषा निराळी. तिथे ४×४, ६×६, ८×८ असे बोलतात. पहिला आकडा चाके बसायच्या जागा किती, म्हणजे हब किती, ते सांगतो. दुसरा त्यांतले किती हब इंजिनाच्या जोरावर फिरतात ते. एका हबवर दोन टायर असोत की एक, लष्कर ते एकच चाक धरते. त्यामुळे दहा टायरांचा ट्रकही ६×६ असू शकतो आणि सहा टायरांचाही. मागे एकदा वजनकाट्यावर असाच एक ट्रक उभा होता. काट्यावरच्या पोराने टायर मोजले, सहा भरले.

“काका, सहा टायरला तीन अ‍ॅक्सल कसे?”

“मागच्या जोड्या काढल्यात.”

“मग वजन कोणत्या खात्यात धरायचं? सहा टायरच्या की दहा टायरच्या?”

त्या पोराने दीड मिनिटात जो प्रश्न विचारला, तो ट्रकच्या मालकाने विचारला नव्हता. या पुस्तिकेचा सगळा मजकूर म्हणजे त्या प्रश्नाचे लांबलेले उत्तर आहे.

जोडचाक की एकेरी चाक, हा वाद लष्करांनी फार पूर्वीच घातलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जीएमसी कंपनीचा सीसीकेडब्ल्यू हा अडीच टनी ट्रक पाच लाखांहून अधिक संख्येने बनवला. तो ६×६ होता आणि त्याला टायर दहा: मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलवर जोड्या. ब्रिटिशांचे मत वेगळे पडले. रानात शिरणाऱ्या गाडीला मागे एकेकच चाक हवे, असा त्यांचा आग्रह. त्यांच्या बेडफर्ड क्यूएल या ४×४ ट्रकला चारही कोपऱ्यांना १०.५०-२० मापाचा एकेक टायर होता. कॅनडात ब्रिटिशांच्या मागणीप्रमाणे बनलेले तीन टनी ट्रकही तसेच. भारतीय सैन्याने त्या युद्धात हे कॅनडाचे ट्रक मोठ्या प्रमाणावर वापरले. आणि गंमत अशी की अमेरिकनांनी आपल्याच सीसीकेडब्ल्यूची जेव्हा पाण्यातून किनाऱ्यावर चढणारी डीयूकेडब्ल्यू ही गाडी केली, तेव्हा तिला मात्र मागे जोडचाके दिली नाहीत. सहाही जागी ११.००-१८ चा एकेक टायर, आणि टायरातली हवा चालकाला बसल्या जागेवरून कमी-जास्त करता येईल अशी सोय. ओल्या वाळूवर जोडी उपयोगाची नाही, हे त्यांनाही ठाऊक होते तर.

युद्धानंतरची कथा आणखी बोलकी आहे. १९५० च्या सुमाराला अमेरिकन सैन्यात नव्या अडीच टनी ट्रकचे एक घराणे आले. त्यातला एम-३४ हा एकेरी चाकांचा: ११.००-२० चे सहा टायर. एम-३५ हा जोडचाकांचा: ९.००-२० चे दहा टायर. बाकी गाडी जवळजवळ तीच. एम-३४ चे टायर उंच, म्हणून हौद्याच्या तळाला चाकांसाठी उंचवटे काढावे लागले आणि माल रचायला अडचण होऊ लागली. एम-३५ चा हौदा सपाट. सैन्याचा बराचसा माल शेवटी रस्त्यानेच जातो; एम-३५ जिंकला आणि पुढची कित्येक दशके चालला. मग १९९० च्या दशकात त्यातल्याच काही जुन्या ट्रकांना नवे इंजिन घालून एम-३५ए३ हा अवतार तयार केला, तेव्हा मागच्या जोड्या काढून १४.५आर२० मापाचे रुंद एकेरी टायर बसवले, आणि हवा कमी-जास्त करण्याची सोयही दिली. एकेरीकडून जोडीकडे आणि जोडीकडून पुन्हा एकेरीकडे, असा हा प्रवास. जगभरचे हौशी लोक लिलावात घेतलेल्या एम-३५ च्या मागच्या चाकांशी जी खटपट करतात, ती सैन्याने कारखान्यात केलेल्या कामाचीच घरगुती आवृत्ती आहे.

जर्मनांनी हा वाद नावातच मिटवला. मान कंपनीच्या ६३० एल२ए या लष्करी ट्रकला मागे जोडचाके. त्याच्याच ६३० एल२एई या भावंडाला एकेरी. शेवटचा ‘ई’ म्हणजे ‘आइन्झेल’, एकेकटा. मान म्हणजे तीच कंपनी, जिच्या परवान्याने जबलपूरला आपला शक्तिमान ट्रक तयार होत असे.

आपल्याकडे एकेरी चाकांचा लष्करी ट्रक पाहायचा असेल तर २६ जानेवारीचे संचलन आठवावे. पिनाक अग्निबाण-प्रणाली पुण्याच्या एआरडीई या संस्थेत विकसित झाली. तिचा प्रक्षेपक ज्या टाट्रा ८×८ गाडीवर बसतो, तिच्या एका अंगाला चार चाके मोजता येतात, आणि प्रत्येक जागी टायर एकच. पुण्याच्याच दिघीच्या आर अँड डीई संस्थेने केलेला सर्वत्र पूलही टाट्रावरूनच नेतात. टाट्राला बाजारातून आणलेल्या मालट्रकचा वारसा नाही, तिची रचनाच रानासाठी झाली. नगरजवळ, म्हणजे आताच्या अहिल्यानगरजवळ, व्हीआरडीई ही वाहन-संशोधन संस्था आहे. लष्करी गाड्या चिखल, खड्डे, चढ यांवर पारखून घेण्याचे काम तिथे चालते. हे सगळे मुद्दाम सांगतो, कारण आपल्या भागात समज असा आहे की एकेरी चाक ही परदेशी हौस आहे. हौस परदेशातून आली असेल, पण चाक आपल्या ओळखीचेच आहे.

आता चिखलाकडे येऊ.

मराठीत चाकोरी हा शब्द फार सुंदर आहे आणि आपण त्याची बदनामी करून ठेवली आहे. चाकोरीबद्ध आयुष्य म्हणजे नीरस, चाकोरीबाहेर विचार करणारा तो हुशार. बैलगाडी हाकणाऱ्याला विचारले असते तर त्याने उलट सांगितले असते. चाकोरी म्हणजे आधीच्या चाकाने दाबून घट्ट केलेली माती. तिच्यातून जाणाऱ्या चाकाला नव्याने माती दाबावी लागत नाही, म्हणून बैलाला ओढ कमी पडते. ट्रकचेही तेच. पुढचे चाक चिखल कापते, दाबते, वाट करते. मागचे चाक नेमके त्याच वाटेवर आले तर त्याचे निम्मे काम झालेले असते. जोडचाके असली की पुढच्या चाकाची रेघ बहुधा त्या जोडीच्या फटीसमोर पडते. आतला टायर चाकोरीच्या आतल्या काठावर चढतो, बाहेरचा बाहेरच्या काठावर. दोघांनाही नवी माती कापावी लागते. इंजिनाचा जोर पुढे जाण्याऐवजी माती दाबण्यात खर्ची पडतो. पावसाळ्यात भातखाचराच्या कडेने गेलेल्या ट्रकच्या खुणा पाहा. एका अंगाला तीन रेघा दिसल्या तर तो जोडचाकांचा, एकच खोल रेघ दिसली तर एकेरी चाकांचा. मधल्या रेघेतून पुढचे चाक गेलेले असते, आणि मागच्या दोघांना तिचा काडीचा उपयोग झालेला नसतो.

माती आणि चाक यांच्या या भांडणाचे पुढे शास्त्र झाले. मूळचे पोलंडचे मिएचिस्वाफ बेकर यांनी १९५६ साली ‘थिअरी ऑफ लँड लोकोमोशन’ हे पुस्तक लिहिले. टेकणारे क्षेत्रफळ तेवढेच असेल तर ते आडवे रुंद असण्यापेक्षा लांबट असलेले मऊ जमिनीत बरे, हे त्यांच्या गणितातून येते. गाडीसमोर दाबायची माती तेवढी अरुंद होते. हेच बेकर पुढे चंद्रावर फिरलेल्या गाडीच्या कामात होते. आणि अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या व्हिक्सबर्गला लष्करी अभियंत्यांनी मातीची ताकद मोजायला एक साधी कांब केली. तिच्या टोकाला ३० अंशांचा शंकू. तो हाताने मातीत दाबायचा आणि किती जोर लागला ते वाचायचे. त्या वाचनाला ते ‘कोन इंडेक्स’ म्हणतात. प्रत्येक गाडीचाही असा एक आकडा असतो: एकदा पार व्हायला माती किमान किती घट्ट हवी, आणि त्याच वाटेने पन्नास गाड्या जायच्या तर किती. आमच्या गावाचे नाव त्या पुस्तकांत पानोपानी छापलेले पाहून मला पहिल्या दिवशी जो आनंद झाला, त्याला शास्त्रीय आधार काही नव्हता.

चाकोरीहूनही मोठा मुद्दा हवेचा आहे. टायर जमिनीला साधारणपणे तेवढ्याच दाबाने दाबतो, जेवढा हवेचा दाब त्याच्या पोटात असतो. मालट्रकच्या टायरात शंभर-सव्वाशे पौंड हवा ठेवतात. डांबरावर ते ठीक. चिखलात तेवढ्या दाबाचे चाक रुततेच. उपाय म्हणजे हवा कमी करणे. टायर बसतो, त्याचे पोट सुटते, टेकण लांब होते आणि गाडी तरंगल्यासारखी चालते. जोडचाकांत हा उपाय करता येत नाही. दोन टायरांमध्ये फट असते जेमतेम. हवा कमी केली की दोघांची पोटे एकमेकांना घासतात, गरम होतात, आणि रस्त्यावर वेग घेतला की टायर फुटतो नाहीतर पेटतो. एकेरी टायरला शेजारी नसतो, त्याचे पोट हवे तेवढे सुटू दे. माझ्या मते मागची जोडी काढण्याचे खरे कारण हे एवढेच आहे. ज्याला हवा कमी-जास्त करायची नाही, ज्याच्याकडे गाडीवर कॉम्प्रेसर नाही, त्याने हा खर्च करून अर्धाच फायदा पदरात घेतला.

बाकीच्या अडचणी चालकांना पाठ आहेत. जोडीच्या फटीत दगड अडकतो. काढला नाही तर दोन्ही टायर आतून खातो, किंवा वेगात सुटून मागच्या गाडीच्या काचेवर जातो. फटीत चिखल भरतो आणि वाळला की विटेसारखा होतो. आतला टायर पंक्चर झाला तर बाहेरून कळत नाही, म्हणून क्लीनर ढाब्यावर उतरला की लाकडी दांडक्याने प्रत्येक टायरला ठोका मारत फिरतो आणि आवाजावरून ओळखतो. तो आवाज ओळखणारे कान आता कमी होत चालले आहेत.

मग जगातले बहुतेक मालट्रक जोडचाकांवर का चालतात? ओझ्यासाठी. इथून पुढे आकडे आहेत. कंटाळा येणाऱ्याने निदान हा परिच्छेद तरी वाचावा. आपल्याकडच्या ट्रकांना लागणाऱ्या १०.००आर२० टायरवर बऱ्याचदा १४६/१४३ असे छापलेले असते. पहिला आकडा सांगतो की हा टायर एकटा असेल तर ३,००० किलो पेलेल; दुसरा सांगतो की जोडीत असेल तर २,७२५. जोडीत प्रत्येकाची ताकद थोडी कमी धरतात, कारण दोघांवर ओझे कधीच सारखे पडत नाही. तर चार टायरांच्या अ‍ॅक्सलची ताकद झाली १०,९०० किलो. त्यातले दोन काढले की उरली ६,०००. रुंद टायर घालून ही तूट भरून काढता येते: १६४ छापलेला लष्करी बनावटीचा १४.००आर२० एकटा ५,००० किलो पेलतो. म्हणजे रबराच्या हिशेबाने जवळजवळ जमले. पण कायदा टायरची रुंदी पाहत नाही, टायर मोजतो. केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये वाढवून दिलेल्या मर्यादेनुसार चार टायरांच्या एका अ‍ॅक्सलवर ११.५ टन चालतात आणि दोन टायरांच्या अ‍ॅक्सलवर ७.५ टन. त्याआधी हेच आकडे १०.२ आणि ६ होते. कितीही दांडगा टायर घाला, मागच्या एकट्या अ‍ॅक्सलवर चार टन तुम्ही सरळ सोडून दिलेत. काट्यावरच्या त्या पोराला द्यायचे उत्तर हे होते.

माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी हे उत्तर महागात विकत घेतले. लिलावातून आलेला चार चाकी ओढीचा जुना ट्रक त्यांनी घेतला. कोन-सावळे रस्त्याच्या आतल्या बाजूला फळझाडांची जमीन होती, तिथे पाण्याची टाकी न्यायची होती. ट्रक कोणत्या कंपनीचा आणि काम कोणत्या गॅरेजने केले ते सांगत नाही. दोघांचाही दोष मालकाइतकाच होता, आणि मीही तिथे मान डोलवत उभा होतो. चाकाची डिस्क सपाट नसते, परातीसारखी खोलगट असते. पुढच्या हबवर परात पालथी बसते, म्हणजे तिचा फुगीर तळ बाहेर दिसतो. मागे आतल्या चाकाची परात तशीच पालथी, बाहेरच्याची उताणी. दोन पराती पाठीला पाठ लावून आवळलेल्या. गॅरेजवाल्याने आतले चाक काढले आणि बाहेरचे तसेच आवळले. ट्रक मागून असा रुंद दिसू लागला की रस्त्यावरची माणसे वळून पाहू लागली. आम्हीही पाहिले.

पहिल्या पावसाळ्यात तो खाचराच्या कडेला रुतला. मागची चाके पुढच्यापेक्षा बाहेर गेली होती, त्यामुळे चाकोरी चुकली ती चुकलीच. जेसीबी बोलावून काढला. आतले चाक ठेवून बाहेरचे काढले असते तर मागची रेघ पुढच्यापेक्षा आत गेली असती. तिकडूनही चाकोरी सापडली नसती. दुसऱ्या पावसाळ्यात टाकी भरून येताना मागच्या डाव्या हबमधून जळक्या वंगणाचा वास आला आणि पाठोपाठ धूर. हबमध्ये दोन बेअरिंग असतात, आतले आणि बाहेरचे. जोडचाकांचे ओझे त्या दोघांच्या मधोमध उतरावे, अशी मूळ रचना. ते आम्ही बाहेर ढकलले होते, आणि बाहेरचे बेअरिंग एकटेच सगळे सोसत होते. टाकी सहा हजार लिटरची. पाणी लिटरला किलो भरते, हे शाळेत शिकलेले गणित आम्हा तिघांपैकी एकालाही त्या दिवसापर्यंत आठवले नव्हते.

एम-३५ वाल्यांनी या अडचणीवर युक्ती काढली. त्या ट्रकचा मागचा हब उलटा करून बसवता येतो, आणि मग एकेरी चाकाची रेघ पुढच्या चाकाशी जुळते. ही युक्ती त्या गाडीच्या रचनेत बसते म्हणून चालते. दुसऱ्या गाडीवर ती आंधळेपणाने करणे म्हणजे आमच्यासारखेच पुन्हा फसणे. दुसरा मार्ग म्हणजे वेगळ्या खोलीची डिस्क बनवून घेणे, आणि तो कारखान्याचा मार्ग आहे, वेल्डिंगच्या टपरीचा नव्हे. जोडीसाठी दिलेले लांब स्टड आणि त्यांचे नट एकेरी डिस्कला तसेच वापरू नयेत. या तीन मुद्द्यांचा विस्तार तिसऱ्या प्रकरणात आहे.

टायर मोठा घातला की चाकाचा घेर वाढतो, ही गोष्टही बहुतेकांच्या लक्षात उशिरा येते. ९.००-२० च्या जागी ११.००-२० आला तर घेर सहा-सात टक्क्यांनी वाढतो. काटा साठ दाखवत असताना गाडी चौसष्टने पळते, चढावर गिअर आधीपेक्षा उंच लागल्यासारखा वाटतो, आणि अ‍ॅक्सल शाफ्टवर ताण वाढतो. मागचे टायर बदलले आणि पुढचे जुनेच ठेवले तर सगळ्यात वाईट. सर्व चाके एकमेकांशी बांधलेली असताना पुढची एका घेराची आणि मागची दुसऱ्या, तर दोघे एकमेकांशी झगडतात. चिखलात चाक थोडे घसरून तो पीळ सुटतो, कोरड्या डांबरावर सुटत नाही आणि काहीतरी तुटते. म्हणून टायर घ्यायचे ते सहाच्या सहा, नाहीतर एकही नाही. स्टेपनी धरून सात. आणि ही स्टेपनी एका माणसाला उचलवत नाही, हेही आधीच माहीत असावे.

कायद्याबद्दल थोडक्यात. सैन्याच्या ताब्यात असेपर्यंत गाडीच्या नंबरपट्टीवर वर तोंड केलेला बाण असतो. खासगी मालकाकडे आली की ती आपल्या आरटीओकडे येते आणि पनवेलला एमएच-४६ चा क्रमांक घेते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रात लिहिलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. टायरांची संख्या आणि माप ही त्या रचनेचाच भाग आहेत. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न याबद्दलच विचारील. खासगी जमिनीच्या कुंपणाआत काय करायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. कुंपणाबाहेर पडायचे असेल तर आधी लेखी परवानगी.

एक गोष्ट मात्र हौशी मंडळींना स्पष्ट सांगावीशी वाटते. एकेरी चाकांचा ट्रक कुठेही जातो, आपत्तीत उपयोगी पडतो, असे बोलले जाते. १९ जुलै २०२३ च्या रात्री आमच्यापासून जवळच, खालापूर तालुक्यात, इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तिथे गाडीची वाटच नव्हती. बचावाला गेलेली माणसे भर पावसात पायी डोंगर चढली, यंत्रे खालीच राहिली. कुठलेही चाक तिथे पोचले नसते. चाकाची मर्यादा जिथे येते तिथे ती येते, टायर एक असो की दोन.

पुढच्या पाच प्रकरणांत कोणत्या गाडीला हा बदल सोसतो आणि कोणत्या गाडीला नाही, हे एकेका गाडीच्या हब, बेअरिंग आणि डिस्कच्या मापांसह दिले आहे. ज्यांची मापे मी स्वतः समोर बसून घेतलेली पाहिली नाहीत, अशा गाड्या पुस्तिकेत नाहीत. कोनच्या टपऱ्यांवरच्या मंडळींनी मापे घेताना माझ्या शंकांना कंटाळून दोनदा काम थांबवले आणि दोन्ही वेळा चहा पाजून पुन्हा सुरू केले. त्यांचे आभार मानले तर ते चिडतील.

वाचकाला विनंती एकच. पहिला नट सैल करण्यापूर्वी ट्रक रिकामा वजनकाट्यावर न्या, पुढचा आणि मागचे अ‍ॅक्सल वेगवेगळे तोलून घ्या, मग नेहमीचे ओझे भरून पुन्हा तोला, आणि दोन्ही पावत्या जपून ठेवा. भरलेल्या ट्रकच्या मागच्या कोणत्याही एका अ‍ॅक्सलवर साडेसात टनांहून जास्त वजन निघाले, तर ही पुस्तिका इथेच मिटा आणि जोडी आहे तशी राहू द्या.